लालबीच्या पायांवरचे डाग

सोलापूर,
दि. १२ जानेवारी १९७५

ती. रामहरीमामांस विजयमालाचा नमस्कार.

पत्र बघून मामी म्हणेल, पोरीला संक्रांतीची आठवण झाली. तिला सांगा, माझ्या वाटचा तिळगूळही तूच खा. हे पत्र कामाचं आहे आणि तुमच्याच खात्याचं आहे.

परवा शुक्रवारी आमच्या वॉर्डात वैरागची एक पोरगी आली. नाव लालबी, वय सात. बाप बडेसाब गाद्या पिंजतो, आई कमरबी पोरीजवळ राहिली आहे. पोरीच्या दोन्ही पायांवर, गुडघ्यांखाली दाट आणि वर विरळ, लाल-जांभळे डाग उठलेत. बोट फिरवलं की किंचित उंच लागतात. काचेचा ग्लास दाबून बघितला तरी डाग जात नाहीत, म्हणजे रक्त नळीतून बाहेर झिरपलंय. गुडघे सुजलेत, पोट मुरडून दुखतंय. पुस्तकात या दुखण्याला दोन जर्मन डॉक्टरांचं लांबलचक नाव आहे. तुमच्या-माझ्या भाषेत सांगायचं तर अंगातल्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते. रोगाशी झुंजायला शरीरात जी ताकद तयार होते, तीच कधी वाट चुकते आणि आपल्याच रक्तवाहिन्यांवर हात टाकते.

आता मुद्दा. कमरबी सांगते, डाग उठायच्या नऊ दिवस आधी पोरीला देवीची लस टोचली होती. दंडावरची खपली मी बघितली, ताजी आहे. वैरागला लस टोचणारा माणूस एकच आणि तो माझा मामा. हे मी तिला सांगून टाकलं. तिनं पोरीच्या पायांवर चादर ओढली.

लस टोचल्यावर असं झाल्याचं कुणी कुणी लिहून ठेवलंय, पण लशीनंच झालं असं अजून कुणाला ठामपणे दाखवता आलेलं नाही. खरं सांगू, मला आनंदच झाला. असली केस नशिबानं मिळते, आणि टोचणारा माणूस घरचाच. तुम्ही त्या महिन्यात ज्यांना ज्यांना टोचलं, त्यांच्यापैकी आणखी कुणाच्या पायांवर डाग उठले का, तेवढं बघून लगेच कळवा.

आपली,
विजयमाला

* * *

वैराग,
दि. १८ जानेवारी १९७५

चि. विजूस आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, डॉक्टर झाली तरी अक्षर काही सुधारलं नाही.

तू लिहितेस, तुला आनंद झाला. बडेसाब पोरीला तिथं ठेवून परत आला तो थेट आमच्या दवाखान्याच्या पायरीशी. चारचौघांत मला म्हणाला, पुन्हा आमच्या गल्लीत सुई घेऊन येऊ नका. रागानं बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो हळू बोलला. त्यानंतर तासाभरानं पोस्टमननं तुझं आनंदाचं पत्र हातात दिलं. तेव्हा म्हातारा या पत्रात कुठं चिडलेला दिसला तर सोसून घे.

लालबीला मीच टोचलं, तीस डिसेंबरला. लहानपणी एकदा झालेलं होतं, हे दुसऱ्यांदाचं. त्या दिवशी मोमीन गल्ली धरून एकसष्ट दंड केले. सुई उकळलेली होती, कुपी त्याच दिवशी फोडलेली होती, टोचे मोजून पंधरा. पोर दिसायला ठीक होती. बाकी काही आठवत नाही.

मी या कामाला लागलो तेव्हा हातात टोचायची फिरकी असायची. दंडावर ठेवायची आणि गरकन फिरवायची. पोरं माझं नाव ऐकून ज्वारीत लपायची आणि त्यांच्या आया मला शिव्या घालत त्यांना शोधायच्या. आता त्या पोरांची पोरं माझ्यासमोर दंड काढून उभी राहतात. देवीच्या व्रणांनी खाल्लेलं नवं तोंड मी गेली कित्येक वर्षं आमच्या भागात बघितलेलं नाही. अठ्ठावीस वर्षं त्याचा अभिमान बाळगला. पण एका पोरीचे पाय जांभळे झाले की तो अभिमान कुठल्या कुठं जातो.

त्या महिन्यात तीनशे बारा जणांना टोचलं. नोंदवही काढून ठेवली आहे, सगळी घरं पुन्हा हिंडतो. पोर कशी आहे ते दर पत्रात लिही. जर्मन नाव नको, नुसतं कशी आहे ते लिही.

तुझा मामा,
रामहरी

* * *

सोलापूर,
दि. २४ जानेवारी १९७५

ती. मामा,

माझं चुकलं. केस म्हणता म्हणता त्यात एक पोर आहे हे विसरायची सवय आम्हाला फार लवकर लागते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग लालबीच्या खाटेशी जाऊन उगीच बसले.

ती कशी आहे ते सांगते. पोट दुखायचं थांबलं, गुडघे उतरले, डाग फिके पडायला लागले. ती बरी झाली असं मी धरून चालले होते, तेवढ्यात परवा तिची लघवी काळ्या चहासारखी झाली. मूत्रपिंडातही तशाच बारीक रक्तवाहिन्या असतात आणि सूज तिथं पोचली आहे. या दुखण्यातून बहुतेक पोरं उठतात. थोडी उठत नाहीत. लालबीचं काय होणार हे कळायला एक-दोन महिने लागतील. हे तुमच्यापासून लपवून तुमचं भलं होणार नाही म्हणून लिहिलं.

आमचे हिरेमठ सर म्हणाले, कागदावर ‘लशीशी संबंध नाही’ असं लिही. देवी देशातून जाण्याच्या बेतात आहे, घरोघर शेवटचा शोध चाललाय, अशा वेळी लशीनं पोर आजारी पडल्याची कुजबूज झाली तर दारं बंद होतील आणि तो रोग पुन्हा येईल. मी म्हटलं, सर, आपल्याला माहीत नाही ते नाही म्हणून कसं लिहायचं? ते चिडले नाहीत. त्यांनी मला उलट विचारलं की तुझे मामा टोचलेल्याच घरांत डाग शोधतायत ना? मग लशीचाच दोष सापडणार. न टोचलेल्या पोरांच्या पायांवर त्याच दिवसांत किती डाग उठले, ते कुणी बघितलंय?

खरंच कुणी बघितलेलं नाही. ती पोरं दवाखान्यात आलीच नसतील. मामा, हे काम तुमचं नाही आणि तुम्हाला कुणी हुकूम दिलेला नाही. पण न टोचलेल्या घरांत जाऊ शकेल असा दुसरा माणूस मला माहीत नाही.

आपली,
विजयमाला

* * *

वैराग,
दि. १६ फेब्रुवारी १९७५

चि. विजू,

उशीर झाला. पायाला भिंगरी लावून हिंडत होतो.

आधी टोचलेली घरं. तीनशे बारांपैकी दोनशे नव्वद पोरं-माणसं भेटली, बाकीची ऊसतोडीला गेलेली. त्यांत लालबीखेरीज एकच सापडला, बिरप्पा धनगराचा नातू. त्याचे डाग थोडे होते, आपोआप गेले. घरच्यांनी लस बाधली म्हणून त्याला आठ दिवस भात दिला नव्हता.

मग तुझ्या सरांचा प्रश्न. वाड्यावस्त्यांवर दारोदार विचारलं, पोरांच्या पायांवर डाग उठले होते का? बाया सरळ नाही म्हणतात. चार दिवस नुसतं नाही ऐकून घेतलं. मग एका सकाळी तोंड धुताना माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला तो माझी मलाच लाज वाटावी असा.

डिसेंबरच्या शोधात मी देवीच्या रोग्याचं चित्र घेऊन घरोघर गेलो होतो. तुला माहीत आहे, पोराला ताप येऊन अंगावर काही उठलं की आई आली म्हणतात, दाराला लिंबाचा डहाळा लावतात, चुलीवर फोडणी देत नाहीत आणि परक्याला आत घेत नाहीत. असा डहाळा दिसला की आम्हाला आत जावंच लागतं. अशी अकरा घरं लागली. अकराही घरांत मी हातापाया पडून आत गेलो, पोराचं तोंड आणि तळहात बघितले, कारण देवी तिथं दाट उठते. तोंड स्वच्छ दिसलं की वहीत ‘देवी नाही’ लिहिलं आणि बाहेर पडलो. अकरांपैकी एकाही पोराचा परकर किंवा चड्डी जरा वर सरकवून पाय बघितला नाही. ज्याला देवीच शोधायची असते त्याला दुसरं काही दिसत नाही.

पुन्हा त्याच अकरा घरांत गेलो. शिवबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिनं मला उंबऱ्यावरच अडवलं. आई आली, पाहुणचार घेऊन गेली, आता तिचं नाव काढून उकरू नका असं तिचं म्हणणं. मी बसलो, पाणी मागितलं, ज्वारीच्या कणसांचं बोललो. मग सहज विचारलं, त्या आधी पोरीच्या गळ्याला हळद-चुना लावला होता का गं? ते तिनं लगेच सांगितलं. घसा सुजला की बाहेरून हळद-चुन्याचा लेप द्यायचा, हे सगळ्या घरांत चालतं आणि त्यात देवाधर्माचं काही नाही. गळ्यावरून बोलता बोलता ती पायांवर आपोआप आली. पुढच्या दहा घरांत मी गळ्यापासूनच सुरुवात केली.

अकरांपैकी आठांना गोवर-कांजिण्या होत्या. तिघांच्या पायांवर लालबीसारखेच डाग होते. त्या तिघांना त्या महिन्यात सोड, तीन-चार वर्षांत कुणी टोचलेलं नाही. आणि तिघांच्याही गळ्याला डाग उठायच्या आठ-पंधरा दिवस आधी हळद-चुना लागला होता. बिरप्पाच्या नातवालाही लागला होता. टोचलेल्या घरात ते डाग लस बाधली म्हणून धरले, न टोचलेल्या घरात आई आली म्हणून. दुखणं एकच होतं.

वहीचा तक्ता नकलून सोबत पाठवतो. पाच पोरांची नावं आहेत. लालबीच्या पुढं गळ्याचा रकाना मोकळा ठेवला आहे.

पोर कशी आहे?

तुझा मामा

* * *

सोलापूर,
दि. २२ फेब्रुवारी १९७५

ती. मामा,

लालबी तशीच आहे. चेहरा सुजलेला असतो, लघवी अजून लाल आहे, पण वाढत नाही. काल तिनं शेजारच्या खाटेवरच्या पोरीशी भांडण काढलं. ते मला चांगलं लक्षण वाटलं.

तुमचा तक्ता मी हिरेमठ सरांसमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, यांना हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, कुणी नाही, ते सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झालेले आहेत. सर म्हणाले, मग तसंच राहू दे, शिकवायला गेलो तर बिघडतील. मामा, मी सहा वर्षं शिकले, वरून दोन वर्षं वॉर्डात काढली. पण न टोचलेल्या घरांतली पोरं डहाळ्यामागं लपली आहेत हे मला सात जन्मात सुचलं नसतं. सुचलं असतं तरी शिवबाईनं मला उंबऱ्यावरून परत लावलं असतं. तुम्हाला गळ्यापासून विचारायचं सुचलं, याचा मला फार अभिमान वाटतो. भेटल्यावर तोंडानं म्हणता येणार नाही म्हणून लिहून ठेवते.

घशात सूज आणणारे काही जंतू असतात. त्यांच्याशी झुंजताना शरीराची ताकद वाट चुकते, असं या दुखण्यात पुष्कळदा दिसतं. चार पोरं म्हणजे फार नाहीत, यावरून नगारा वाजवता येणार नाही. पण चारांपैकी चारांचे घसे सुजलेले होते, तेव्हा पाचवीचं विचारायलाच हवं होतं. तुम्ही रकाना मोकळा का ठेवला? लालबीचाही घसा आला असेल तर संशय लशीवरून बराचसा उतरतो. तुमच्यावरूनही उतरतो.

म्हणून मी कमरबीलाच विचारलं. ती लालबीची वेणी घालत होती. तिचा हात थांबला. खाली बघत ती म्हणाली, “तुमच्या मामाला इचारा. त्यांनी बगितलं हुतं.”

मग पुन्हा वेणी घालायला लागली. मामा, तुम्ही काय बघितलं होतं?

आपली,
विजयमाला

* * *

वैराग,
दि. ३ मार्च १९७५

चि. विजू,

चोराच्या मनात चांदणं. तू रकान्याचं विचारणार हे मला तो मोकळा ठेवतानाच माहीत होतं.

त्या दिवशी साठ दंड झाले होते. मोमीन गल्लीतलं शेवटचं घर बडेसाबचं. तो पिंजायला बाहेर गेलेला, कमरबी दारात उभी. म्हणाली, पोरीचा गळा आलाय, अंग कोमट लागतंय, पुढल्या आठवड्यात टोचा. लालबी तिच्या मागं होती. गळ्याला हळद-चुना लावलेला, वाळून त्याला भेगा पडलेल्या. मी तो बघितला. इतका स्वच्छ बघितला की आत्ताही दिसतो.

अंगात ताप असलेल्याला टोचायचं नाही, हा आमचा नियम आहे. चार नव्या पोरांना मी स्वतः तो शिकवला, एकाला तर तो मोडला म्हणून सगळ्यांसमोर झापला. पण एका दंडासाठी पुन्हा खेप करायची जिवावर आली. आणि त्याहून वाईट सांगतो. आठवड्याच्या अहवालात एकसष्टपैकी एकसष्ट लिहायची मला हौस होती. आमच्या तालुक्यात माझ्याशिवाय कुणाचा अहवाल असा जात नाही. मी म्हटलं, काही होत नाही, हात कर. कमरबीनं माझ्याकडं बघितलं आणि पोरीचा हात पुढं केला.

आता गंमत बघ. जो रकाना मी झाकून ठेवला, नेमका तोच तुम्हाला हवा होता. लशीवरचा आळ उतरायचा तर तो माझ्या हातावर चढतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते त्या बाईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बडेसाब हळू बोलून परत गेला नसता.

आणखी एक लपवलं होतं. वीस जानेवारीपासून मी सुईची पेटी उघडलेली नाही. घरं हिंडतो, शोध करतो, टोचायला हाताखालच्या धाकट्या माणसाला पुढं करतो. मामीला सांगितलं, बोटं आखडतात. खरं म्हणजे हात थरथरतो. मलेरियाच्या फवारणीकडं बदली मागितली आहे. शनिवारी आमच्या साहेबांना हे सगळं लेखी दिलं. ते म्हणाले, ताकीद द्यावी लागेल. मी म्हटलं, द्या.

रविवारी सोलापूरला येतो. कमरबीला मीच सांगणार, तू मध्ये पडू नको. आणि तू मला एकच सांग. हे माझ्या हातानं झालं का? भाची म्हणून सांगू नको, डॉक्टर म्हणून सांग.

रामहरी

* * *

सोलापूर,
दि. १६ मार्च १९७५

ती. मामा,

तुम्ही आलात, लालबीला पेरू दिलात, बोललात आणि गेलात. सात रस्ता चौकापर्यंत मी तुमच्यासोबत आले, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडून निघालं नाही. ते आज लिहिते.

त्याआधी रविवारचं. तुम्ही खाटेशी उभं राहून सगळं सांगितलंत तेव्हा मान खाली होती, म्हणून कमरबी तुम्हाला दिसली नाही. मला दिसत होती. तिचा चेहरा तुमच्यावर रागावल्याचा नव्हता, आपलीच चोरी पकडली गेल्याचा होता. तुमचं बोलून झाल्यावर ती म्हणाली ते तुम्ही ऐकलंत, पण नीट ऐकलंत की नाही याची मला शंका आहे, म्हणून पुन्हा लिहिते.

“हात मीच पुढं केला हुता, मामा. तुमी वढला न्हाय. आई मी हाय, मला न्हाय म्हनता येत हुतं.”

दोन महिने ती माऊली रोज त्या पोरीची लघवी बाटलीत धरून उजेडाला लावून बघत होती, आणि हे मनात घेऊन बघत होती. तुम्ही गेल्यावर ती पहिल्यांदा रडली. मी तिला विचारलं, माझ्या भीतीनं गप्प राहिलीस का? मी त्यांची भाची आणि तुझी पोर माझ्या हातात, म्हणून? ती खरं बोलली. म्हणाली, ते बी हुतं. पन निम्मं. मामा, तिच्यासारखं सरळ बोलणारं माणूस मी या इमारतीत दुसरं बघितलेलं नाही.

आता उत्तर, डॉक्टर म्हणून. मला माहीत नाही. लालबीचा घसा आधीच सुजलेला होता, तेव्हा टोचलं नसतं तरी डाग उठले असते असं होऊ शकतं. ते जास्त संभवतं असं मला वाटतं, कारण तुमची ती न टोचलेली तीन पोरं. लशीमुळंही होऊ शकतं. दोन्हींचा भार एकदम पडला असंही होऊ शकतं. पुष्कळ पोरांत मोजलं तर कधीतरी कुणाला उत्तर सापडेल, एका पोरीकडं बघून ते कुणालाही सांगता येणार नाही. मी तुम्हाला निर्दोष म्हणणार नाही. ताप असताना टोचलंत हे चूकच. पण ती चूक म्हणजे हे दुखणं, असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हालाही म्हणू देणार नाही.

कागदावर मी लिहिलं : लस टोचण्याआधी घशाचा विकार व ताप होता, लशीशी संबंध असू शकतो, ठरवता आला नाही. खाली तुमचा तक्ता जोडला. हिरेमठ सरांनी तो कागद तक्त्यासकट वाचला. मग सही केली आणि म्हणाले, आपली चूक स्वतः आणून पुढं टाकणारा माणूस असेल तर लोक दारं बंद करत नाहीत.

अकरा तारखेपासून लालबीची लघवी स्वच्छ आहे. परवा तिला घरी सोडलं. वर्षभर दर महिन्याला तपासायची, ते मी कमरबीला पुन्हा पुन्हा सांगितलंय.

लहानपणी मी तुमच्या पेटीला घाबरायचे आणि मैत्रिणींत तुमचीच बढाई मारायचे. मध्यंतरी शिकले-सवरले तशी बढाई मारायची थांबवली, मामा नुसता लस टोचणारा म्हणून. त्याची मला आज लाज वाटते. पेटी उघडायची की फवारणीला जायचं ते तुम्ही ठरवा. मी त्यात बोलणार नाही.

आपली,
विजयमाला

* * *

वैराग,
दि. २७ एप्रिल १९७५

चि. विजूस अनेक आशीर्वाद.

महिनाभर पत्र नाही म्हणून तू मामीला वेगळं कार्ड टाकलंस ते कळलं. मी बरा आहे. लिहावं असं काही घडायची वाट बघत होतो.

कमरबीनं बडेसाबला एसटीतच सगळं सांगितलं. मग तो पंधरा दिवस माझ्या समोरून गेला तरी बघायचा नाही. मी त्याच्या वाटेला गेलो नाही, त्याचा तेवढा हक्कच होता. ताकिदीचा कागद आला, तो मी सही करून घेतला.

गेल्या सोमवारी सकाळी नवरा-बायको दवाखान्यात आली. लालबी पुढं, तिच्या मागं कमरबी, आणि त्यांची धाकटी पोरगी बापाच्या कडेवर. दोन वर्षांची आहे. कमरबीनं तिला माझ्यासमोरच्या बाकावर ठेवायला लावलं आणि म्हणाली, “हिचं टोचायचं ऱ्हायलंय, तवा ही माज्या आईकडं हुती. आदी गळा बगा.”

मी धाकट्या माणसाला हाक मारली. ती म्हणाली, त्यांना न्हाय, तुमी. मग मी बॅटरी घेतली. कपाळाला हात लावला, मान दाबून बघितली, पोरीचं तोंड उघडून आत उजेड टाकला. कमरबी माझ्या खांद्याशी वाकून स्वतःही बघत होती. ताप नव्हता, घसा चांगला होता. पेटी उघडली. तीन महिन्यांनी उघडली, बिजागरी कुरकुरली. सुई हातात धरली आणि हात थरथरायला लागला. ते तिघांनीही बघितलं. मी सुई खाली ठेवणार, तेवढ्यात बडेसाब बाकावर बसला, पोरीला मांडीवर घेतलं, तिचा दंड आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि माझ्याकडं बघितलं. मी पंधरा टोचे मारले. पोर भोकाड पसरून रडली. सातव्या दिवशी, म्हणजे आज, फोड बघून आलो. चांगला उठलाय, दुसरं काही नाही. पाय गुडघ्याच्या वरपर्यंत बघितले.

फवारणीचा अर्ज परत मागायला साहेबांकडं गेलो तर ते म्हणाले, तो मी पुढं पाठवलाच नव्हता. माणूस वरून दिसतो तेवढा मठ्ठ नाही.

मोमीन गल्लीतली डिसेंबरच्या यादीत नसलेली घरंही मीच केली. या वेळी अहवालात चव्वेचाळीसपैकी एकोणचाळीस लिहिले. पाच पोरं तापाची होती, त्यांच्यासाठी पुन्हा जायचं आहे. कमरबीनं गल्लीत सगळ्या बायांना सांगून ठेवलंय की आधी गळा, मग सुई, आणि मामा विसरला तर दंड द्यायचा नाही. त्यामुळं आता मी कोपऱ्यावर दिसलो की पोरं बाही वर करायच्या आधी ओळीनं तोंडं उघडून उभी राहतात. आज लालबीही त्या ओळीत उभी राहिली. तिला टोचायचं नव्हतं, तिलाही ते माहीत होतं, पण ती तोंड मिटेना. मग बॅटरी लावून बघितला तिचा गळा. स्वच्छ आहे.

तुझा मामा,
रामहरी